मुंबईची ट्राम का बंद झाली आणि पुण्यात ती का आली नाही?

पुण्यात नगररचना शिकणाऱ्या एका विद्यार्थिनीने तीन प्रश्न एकत्र विचारले आहेत. मुंबईची विजेची ट्राम जवळजवळ सत्तावन्न वर्षे चालली, मग ती १९६४ मध्ये बंद का केली? अमेरिकेत मोटार कंपन्यांनी संगनमत करून ट्राम संपवली असे वाचनात येते, तसे इथेही झाले का? आणि पुण्यात ट्राम कधीच का आली नाही, आता आणता येईल का? माझ्या नोकरीची सुरुवातीची वर्षे विजेच्या गाड्यांच्या देखभालीत आणि नंतरची शहरी वाहतुकीच्या नियोजनात गेली. त्यामुळे हे प्रश्न मला दोन्ही बाजूंनी परिचयाचे आहेत आणि त्यांचे उत्तर सविस्तर देणे मला आवश्यक वाटते.

माझे मत आधीच सांगतो. ट्रामचे तंत्र कुठेही कमी पडले नव्हते. तिच्या रुळांवर इतर वाहनांना मोकळी वाट मिळाली, तिचा वेग गेला, वेगापाठोपाठ उत्पन्न गेले, आणि ज्या करारांखाली ती चालत होती त्यांत नवे रूळ टाकण्यात कोणाचाच फायदा उरला नाही. पुण्यातल्या बीआरटीची, म्हणजे बसना रस्त्यावर स्वतंत्र मार्गिका देणाऱ्या व्यवस्थेची, वाताहत याच क्रमाने झाली, म्हणूनच हा इतिहास पुणेकरांनी नीट समजून घेतला पाहिजे.

मुंबईत ९ मे १८७४ रोजी घोड्यांची ट्राम सुरू झाली. कुलाब्याहून क्रॉफर्ड मार्केटमार्गे पायधुणी आणि बोरीबंदरहून पायधुणी असे पहिले दोन मार्ग होते. स्टर्न्स अँड किट्रेज या कंपनीकडे हे काम होते, तिचे तबेले कुलाब्याला होते आणि भरभराटीच्या काळात त्यांत नऊशे घोडे होते. या आकड्यातच घोड्यांच्या ट्रामचे सगळे अर्थशास्त्र आहे. घोडा दिवसभर सलग ओढू शकत नाही. काही तासांनी जोडी सोडून ताजी जोडी जुंपावी लागते, म्हणजे रस्त्यावर एक डबा चालवायला तबेल्यात त्याच्या कित्येक पट जनावरे पोसावी लागतात. त्यांचा दाणावैरणीचा खर्च गाडी धावली तरी होतो आणि उभी राहिली तरी होतो. साथ आली तर वाहतूकच ठप्प होते. १८७२ मध्ये उत्तर अमेरिकेत घोड्यांच्या इन्फ्लुएन्झाने अनेक शहरांची ट्राम अशी थांबवली होती.

तरीही घोड्यांसाठी रूळ टाकण्याचा खर्च लोकांनी का केला? पोलादी चाक पोलादी रुळावर फिरते तेव्हा त्याला होणारा विरोध हा डांबरी रस्त्यावर फिरणाऱ्या रबरी चाकाच्या विरोधाच्या साधारण चौथ्या-पाचव्या हिश्शाइतका असतो, आणि त्या काळच्या खडीच्या रस्त्याशी तुलना केली तर फरक याहूनही मोठा निघतो. तेवढ्याच घोड्यांत कितीतरी जास्त माणसे ओढता येत. रुळांचा हा गुण वीज आल्यावर जास्तच उपयोगी पडला आणि आजही तो तसाच लागू आहे.

विजेची ट्राम व्यवहारात उतरवण्याचे श्रेय मी फ्रँक स्प्राग या अमेरिकन अभियंत्याला देतो. सीमेन्सने बर्लिनजवळ लिख्टरफेल्ड येथे १८८१ मध्येच विजेची ट्राम चालवली होती, पण चढउतारांच्या गावात, अनेक गाड्यांची, रोज भरवशाने चालणारी व्यवस्था स्प्रागने १८८८ मध्ये व्हर्जिनियातल्या रिचमंड येथे उभी केली. मोटरची एक बाजू चाकाच्या आसावर टेकवायची आणि दुसरी बाजू स्प्रिंगांवर सांभाळायची ही त्याची मांडणी होती. त्यामुळे रस्त्याचे धक्के बसले तरी दातेरी चक्रे एकमेकांपासून सुटत नसत. भोर घाट चढणाऱ्या मालगाड्यांच्या अनेक इंजिनांत मोटर आजही अशीच टांगलेली असते. रिचमंडनंतरच्या दहा-बारा वर्षांत अमेरिका आणि युरोपातली शेकडो गावे घोडे सोडून विजेकडे वळली.

आपल्याकडे पहिला मान मद्रासचा. तिथे ७ मे १८९५ रोजी विजेची ट्राम धावली. सुरुवातीला तिथे वीज डोक्यावरच्या तारेतून न देता रुळांमधल्या भुयारी खाचेतून दिली होती. दिसायला हे नीटनेटके होते, पण पावसाळ्याच्या पाण्यात खाच भरली की काय होणार हे वेगळे सांगायला नको, आणि शेवटी तिथेही तारा वरच बांधाव्या लागल्या. कलकत्त्यात विजेची ट्राम २७ मार्च १९०२ रोजी सुरू झाली. मुंबईत ७ ऑगस्ट १९०५ रोजी महापालिका आणि बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनी यांच्यात करार झाला, वाडीबंदरला वीजघर उभे राहिले आणि ७ मे १९०७ च्या संध्याकाळी महापालिकेच्या इमारतीपासून क्रॉफर्ड मार्केटकडे पहिली विजेची ट्राम निघाली. त्यानंतर घोड्यांची ट्राम बंद झाली.

ट्राम कशी चालत असे हे थोडे जवळून पाहिले पाहिजे, कारण तिचे बळ आणि तिची अडचण दोन्ही तिच्या रचनेतच आहेत. ड्रायव्हरच्या पुढ्यात कमरेएवढ्या उंचीची पितळी टोपीची पेटी असे, तिला कंट्रोलर म्हणत. तिच्या डोक्यावरची मूठ तो खटक्याखटक्याने फिरवत असे. पहिल्या खटक्यांवर दोन मोटरी एकापुढे एक जोडलेल्या असत आणि वाटेत रोधक असल्यामुळे थोडीच वीज मिळे. मूठ पुढे सरकली की रोधक एकेक करून निघत, मग मोटरी समांतर जोडल्या जात आणि गाडी वेग घेई. मूठ घाईने फिरवली तर डबा हिसका देई आणि मोटर तापे, म्हणून चांगला ड्रायव्हर त्याच्या हातावरून ओळखला जाई. पायाखाली घंटेचा खटका असे, आणि त्याची ठणठण ऐकून माणसे रुळावरून बाजूला होत. छपरावरचा लांब दांडा स्प्रिंगच्या जोराने वरच्या तारेला टेकलेला असे. शेवटच्या थांब्यावर कंडक्टर खाली उतरून दोरीने तो दांडा ओढत डब्याभोवती फेरी मारी आणि उलट दिशेला लावी. ड्रायव्हर मूठ काढून घेऊन डब्याच्या दुसऱ्या टोकाला जाई. गाडी वळवावी लागतच नसे, त्यामुळे शहराच्या मध्यभागी वळणासाठी मोठी जागाही लागत नसे.

तारेतून आलेली वीज मोटरींतून जाऊन रुळांवाटे वीजघराकडे परत जाते. ही गोष्ट बाहेरच्या माणसाला दिसत नाही, पण देखभाल करणाऱ्याची निम्मी झोप तीच उडवते. दोन रुळांच्या सांध्यावर तांब्याची जाड जोडपट्टी नसेल किंवा ती सैल झाली असेल तर वीज रूळ सोडून जमिनीत शिरते, जवळच्या पाण्याच्या किंवा गॅसच्या लोखंडी नळातून वाट काढते आणि जिथून बाहेर पडते तिथे नळ खाते. या कारणाने ब्रिटिश नियमांत रुळांच्या परतीच्या वाटेवरील दाबातला फरक सात व्होल्टच्या आत ठेवण्याचे बंधन होते. म्हणजे रस्ता उखडला, सांधा हलला, की बिघाड ट्रामपुरता राहत नाही. तो शहराच्या पाणीपुरवठ्यापर्यंत पोहोचतो. रूळ आणि रस्ता यांची देखभाल एकाच हातात असणे म्हणूनच महत्त्वाचे होते.

मुंबईत ही व्यवस्था चांगलीच रुजली, आणि त्याचे पहिले कारण शहराचा आकार. मुंबई दक्षिणोत्तर लांबट आहे, १९०१ मध्येच तिची लोकसंख्या पावणेआठ लाखांच्या आसपास होती आणि गिरणगाव, बाजार, बंदर, कचेऱ्या हे सगळे काही मोजक्या रस्त्यांवर ओवलेले होते. रुळांना अशीच दाट, एका रेषेतली गर्दी लागते. दुसरे कारण भाडे. एका आण्याचे तिकीट हे अनेक वर्षे ट्रामचे वैशिष्ट्य होते आणि गिरणी कामगाराला, कारकुनाला ते परवडत असे. गर्दी वाढल्यावर सप्टेंबर १९२० मध्ये दुमजली ट्राम आल्या. दादरचा खोदादाद सर्कलचा भाग आजही ‘दादर टी.टी.’ म्हणून ओळखला जातो, तो तिथल्या ट्राम टर्मिनसमुळे.

तिसरे कारण असे की वीज विकणारी आणि ट्राम चालवणारी कंपनी एकच होती. घरगुती विजेची मागणी त्या काळी मुख्यतः संध्याकाळच्या दिव्यांची, तर ट्रामची दिवसभराची. एकाच वीजघरावर दोन्ही गिऱ्हाइके असली की यंत्रे रिकामी राहत नाहीत आणि युनिट स्वस्त पडते. पुढे कंपनीने टाटांच्या जलविद्युत प्रकल्पांची वीज विकत घ्यायला सुरुवात केली. हे प्रकल्प खोपोली (१९१५), भिवपुरी (१९२२) आणि भिरा (१९२७) येथे उभे राहिले, आणि त्यांचे पाणी लोणावळा, वळवण, शिरवटा, मुळशी अशा आपल्या पुणे जिल्ह्यातल्या मावळ-मुळशीच्या तलावांतले होते. मुळशीच्या शेतकऱ्यांनी सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली १९२१ पासून या धरणाविरुद्ध सत्याग्रह केला, तुरुंग भोगला आणि शेवटी जमिनी गमावल्या. मुंबईच्या गिरण्यांना आणि गाड्यांना मिळालेल्या स्वस्त विजेच्या हिशेबात हा खर्च कोणी धरला नाही. ट्रामचा इतिहास सांगताना तो धरला पाहिजे असे मला मनापासून वाटते.

आता उतरणीकडे येतो. तिची सुरुवात मोटारगाड्या फार वाढण्याच्या आधीच, कराराच्या कागदावर झाली होती.

ब्रिटनच्या १८७० च्या ट्रामवे कायद्यात दोन तरतुदी होत्या. दोन रुळांमधला आणि रुळांच्या बाहेर दोन्ही बाजूंना दीड-दीड फूट रस्ता कंपनीने स्वखर्चाने फरसबंद ठेवायचा, ही पहिली. घोड्यांच्या काळात ती रास्त होती, कारण घोड्यांच्या टापा तीच फरसबंदी झिजवत. विजेच्या ट्रामला त्या फरसबंदीची गरजच नव्हती, तरी बोजा तसाच राहिला, आणि पुढे मोटारी आणि बस त्या फरसबंदीवरून फुकट धावू लागल्या. ठरावीक वर्षांनी स्थानिक संस्थेला ट्राम विकत घेता येईल, आणि किंमत चालू धंद्याची नसून झिजलेल्या मालमत्तेची धरली जाईल, ही दुसरी. आपल्याकडच्या कायद्यांनी आणि करारांनी साधारण हाच साचा उचलला. मुंबईच्या करारात ही मुदत बेचाळीस वर्षांची होती, म्हणजे १९०५ पासून मोजली तर १९४७.

रुळाचे आयुष्य गर्दीच्या मार्गावर वीस-पंचवीस वर्षे असते. वळणावरचे आणि चौकातले रूळ त्याच्या निम्म्या वेळात बदलावे लागतात. १९०७ च्या सुमारास टाकलेले रूळ १९३० च्या आगेमागे बदलीला येतात, आणि मुदत संपायला पंधरा-सतरा वर्षे उरली असताना कोणतीही कंपनी रूळ बदलावे की ठिगळे लावून काढावे याचा विचार करते. त्यातच १५ जुलै १९२६ रोजी याच कंपनीने अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट अशी बससेवा सुरू केली होती. बसला रूळ नको, तार नको, फरसबंदीचा खर्च नको. त्यामुळे नवा मार्ग काढायचा झाला की बसच निघे. १९३७ मध्ये दुमजली बस आल्या आणि जास्त माणसे नेण्यातली ट्रामची आघाडीही बरीच कमी झाली.

दुसऱ्या महायुद्धाने ट्रामला काही वर्षे पुन्हा महत्त्व आले. पेट्रोलवर नियंत्रण होते, विजेवर चालणाऱ्या ट्रामला त्याची झळ नव्हती, त्यामुळे माणसे ट्रामवर तुटून पडली. पण याच वर्षांत विलायतेहून सुटे भाग आणि पोलाद येणे अवघड झाले. सर्वांत जास्त वापर आणि सर्वांत कमी देखभाल अशी ही वर्षे गेली. ७ ऑगस्ट १९४७ रोजी मुदत संपली आणि मुंबई महापालिकेने कंपनी ताब्यात घेतली. ‘ट्रामवेज’च्या जागी नावात ‘ट्रान्सपोर्ट’ आले आणि बेस्ट हे लघुरूप तेवढे कायम राहिले. त्या वेळी बसगाड्या २४२ होत्या आणि मार्ग २३. ट्रामचा बहुतेक संसार चाळीस वर्षांचा, थकलेला होता.

नव्या व्यवस्थापनापुढचा हिशेब मी अनेकदा मांडून पाहिला आहे. ट्राम ठेवायची तर रूळ, तारा, उपकेंद्रे, डबे सगळे एकदम नवे करायचे, आणि तेही सार्वजनिक भाडे वाढवणे राजकीयदृष्ट्या अवघड असताना. बस घ्यायची तर थोड्याथोड्या गाड्या घेत जाता येतात आणि माहीम-वांद्र्यापलीकडे वाढणाऱ्या शहराकडे लगेच पाठवता येतात. कागदावर बसच स्वस्त दिसते, आणि तशीच दिसावी असे ते गणित होते, कारण बसच्या रकान्यात रस्त्याचा खर्च नव्हता आणि ट्रामच्या रकान्यात होता.

त्यावर रस्त्याची कोंडी आली. मुंबईचे रूळ रस्त्याच्या मधोमध, सपाट फरसबंदीत बसवलेले होते. ट्राममध्ये चढायला प्रवाशाला फूटपाथ सोडून रस्त्याच्या मध्यापर्यंत यावे लागे आणि त्याच वेळी डावीकडून मोटारी, हातगाड्या, बैलगाड्या जात. एखादी हातगाडी रुळावर अडकली तर ट्रामला बाजूने जाता येत नाही आणि मागच्या दहा ट्राम तिच्या मागे उभ्या राहतात. मोटारवाल्याला वाटते की ट्राम त्याला अडवते आहे. प्रत्यक्षात एका ट्राममधले साठ-सत्तर लोक एका मोटारीतल्या दोघांसाठी थांबलेले असतात. हे चित्र डोळ्यांसमोर असूनही त्या काळच्या बहुतेक नगर अभियंत्यांनी कोंडीचे कारण ट्राम असेच लिहिले. १९५० च्या दशकात एकेक मार्ग उखडला गेला आणि ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदर ते दादर ही शेवटची ट्राम धावली. मधल्या काळात १९६२ मध्ये ट्रॉलीबस, म्हणजे वरच्या तारेतल्या विजेवर पण रुळांशिवाय चालणारी बस, आणून पाहिली, तीही १९७१ मध्ये बंद केली. कोलकात्याला याहून उशीर लागला, एवढाच काय तो फरक.

हा निर्णय चुकीचा होता का? १९६४ च्या अवस्थेतली ट्राम तशीच चालू ठेवणे चुकीचे झाले असते, असे माझे स्पष्ट मत आहे. खरी चूक त्याआधीच्या पंधरा वर्षांतली. मोहम्मद अली रोड किंवा परळ-लालबागच्या रुंद रस्त्यावर रुळांभोवती दगडी कठडा घालून तो पट्टा फक्त ट्रामचा केला असता तर त्याच जुन्या डब्यांनी दीडपट फेऱ्या केल्या असत्या. वेग वाढला की तेवढेच डबे आणि तेवढेच कर्मचारी जास्त प्रवासी नेतात, म्हणजे तोटा कमी होतो. वाहतूक चालवणाऱ्या प्रत्येक माणसाला हे गणित पाठ असते. ते तेव्हा कोणी मांडले असेलही, पण अमलात आले नाही.

संगनमताच्या प्रश्नाबद्दल. अमेरिकेत जनरल मोटर्स आणि टायर व तेल कंपन्यांचे पैसे असलेल्या नॅशनल सिटी लाइन्स या कंपनीने अनेक शहरांच्या ट्राम कंपन्या विकत घेतल्या हे खरे आहे, आणि बस व इतर सामान फक्त ठरावीक कंपन्यांकडूनच घ्यायचे या कटाबद्दल १९४९ मध्ये त्यांना दोषीही ठरवले गेले. पण तोवर तिथली ट्राम आधीच आजारी होती. पाच सेंटचे भाडे अनेक ठिकाणी कराराने गोठलेले होते, फरसबंदीचा बोजा तिथेही होता, आणि १९३५ च्या कायद्याने वीज कंपन्यांना आपले इतर धंदे सोडायला लावल्यामुळे ट्रामच्या पाठीशी असलेला पैसा गेला. लंडनमध्ये असे कुठलेच संगनमत नव्हते. १९३१ मध्ये शाही आयोगाने ट्राम क्रमाने काढून टाकण्याची शिफारस केली आणि युद्धामुळे लांबलेले ते काम जुलै १९५२ मध्ये पुरे झाले. मुंबईत तर हा निर्णय लोकनियुक्त महापालिकेच्या उपक्रमाने उघडपणे घेतला. खलनायक शोधला की करार आणि रस्ता या खऱ्या कारणांकडे लक्ष जात नाही, म्हणून मी त्या गोष्टीला फार महत्त्व देत नाही.

कोलकात्याचे उदाहरण मला सर्वांत जास्त अस्वस्थ करते. तिथे काही मार्गांवर रूळ रस्त्याच्या मधल्या हिरव्या पट्ट्यात, वाहतुकीपासून वेगळे होते. जगभरची शहरे जे मिळवण्यासाठी धडपडत होती ते तिथे आयते होते. २००० नंतरच्या दशकात दुरुस्तीच्या कामांत हे पट्टे काँक्रीट घालून रस्त्याच्या पातळीला आणले गेले आणि मोटारींना खुले झाले. गाड्या मंदावल्या, फेऱ्या घटल्या, लोक दुरावले. २०२४ मध्ये राज्य सरकारने जाहीर केले की एस्प्लनेड ते मैदान हा वारसा मार्ग सोडून बाकीची ट्राम बंद होईल. फ्रान्समध्ये याच्या उलट घडले. नांतने १९८५ मध्ये, ग्रेनोबलने १९८७ मध्ये आणि स्ट्रासबर्गने १९९४ मध्ये नवी ट्राम आणली ती मोटारींची मार्गिका काढून घेऊनच, आणि आज त्या गावांचा ट्रामवाचून विचारही होत नाही.

पुण्यात ट्राम का आली नाही याचे कारण वीज नव्हते. विजेची रेल्वे इथे १९३० पर्यंत पोहोचली होती. त्या वर्षीच्या १ जूनला निघालेली दख्खनची राणी विजेवरच धावली. कारण गर्दीच्या आकारात आहे. १९०१ मध्ये छावणी धरून पुण्याची लोकसंख्या सुमारे दीड लाख होती, म्हणजे मुंबईच्या एक पंचमांश. पेठा एकमेकींना चिकटलेल्या, बहुतेक कामे चालत जाण्याच्या अंतरावर. लांबचा प्रवास म्हणजे स्टेशन आणि कॅम्प, त्याला टांगा होता. नंतर सायकल आली आणि सपाट गावात ती इतकी पसरली की ट्रामच्या संभाव्य गिऱ्हाइकाचे स्वतःचेच वाहन झाले. रुळांचा खर्च दिवसाला शंभर माणसे बसोत की दहा हजार, तोच राहतो. दर आठ-दहा मिनिटांनी भरलेला डबा निघत नसेल तर तो खर्च भरून येत नाही.

कारभार विभागलेला होता हेही तितकेच खरे. शहर नगरपालिका वेगळी, उपनगर नगरपालिका वेगळी, पुणे आणि खडकीच्या छावण्या वेगळ्या. शनिवारवाड्यापासून कॅम्पातून स्टेशनकडे एखादा मार्ग आखायचा म्हटले तरी दोन-तीन सत्तांची संमती हवी. १९५० मध्ये महापालिका झाली तेव्हा बसचा जमाना पक्का झाला होता. त्याआधी सिल्व्हर ज्युबिली मोटर्स या खासगी कंपनीच्या बस धावत, आणि ती सेवा घेऊनच पीएमटी ही महापालिकेची बससेवा उभी राहिली. त्या वर्षी कोणी ट्रामचा प्रस्ताव आणला असता तर मुंबई आणि मद्रासकडे बोट दाखवून तो फेटाळला गेला असता. मद्रासची ट्राम १९५३ मध्ये बंदच झाली.

आता आणता येईल का? तांत्रिकदृष्ट्या येईल, पण आधी बीआरटीचे काय झाले ते पाहिले पाहिजे. २००६ मध्ये कात्रज-स्वारगेट-हडपसर मार्गावर देशातला पहिला प्रयोग आपण केला. रस्त्याच्या मधोमध बसची मार्गिका, म्हणजे ट्रामच्या रुळांचीच जागा. स्वारगेटहून कात्रजकडे संध्याकाळी सातला या मार्गिकेचे निरीक्षण करण्याचे काम मी केले आहे. मार्गिकेच्या तोंडाशी कठड्याचे दोन दगड काढलेले असतात. तिथून आधी दुचाकी घुसतात, मग रिक्षा, मग एखादा टेम्पो. बस थांब्यावर उभी राहते तेव्हा मागचे सगळे हॉर्न वाजवतात. चौकात बसला वेगळा सिग्नल नसेल तर वाटेत वाचलेला वेळ तिथे पुरा खर्च होतो. थोड्याच दिवसांत लोक म्हणू लागतात की मार्गिका रिकामी असते आणि जागा वाया जाते. ती रिकामी दिसते कारण दोन बसमध्ये अंतर असते. एका भरलेल्या बसमधली साठ माणसे दुचाक्यांवर बसवली तर तेवढ्याच रस्त्यावर त्यांची रांग किती लांब होईल हे कोणी मोजत नाही. २०२३ मध्ये नगर रस्त्यावरची मार्गिका काढायला सुरुवात झाली. मुंबईच्या रुळांवर जो आरोप झाला होता तोच इथे झाला.

गर्दीच्या वेळी मिश्र वाहतुकीच्या एका मार्गिकेतून तासाला हजार-दीड हजार माणसे जातात. तीच मार्गिका बस किंवा ट्रामला पूर्णपणे दिली, चौकात अग्रक्रम दिला आणि लांब गाड्या लावल्या तर दहा हजारांपलीकडे जाता येते. मेट्रो याहूनही बरीच जास्त माणसे नेते, पण तिचा खर्च कितीतरी पट आहे आणि ती मोजक्याच रस्त्यांवर जाणार. मार्च २०२२ पासून वनाझ आणि पिंपरीच्या बाजूंनी ती सुरू झाली, सप्टेंबर २०२४ मध्ये स्वारगेटला पोहोचली. तिच्या स्थानकांपासून घरापर्यंतचे दोन-तीन किलोमीटर आणि मेट्रो नसलेले रुंद रस्ते यांसाठी मधली व्यवस्था लागणारच आहे. तिथे ट्रामचा विचार करायला हरकत नाही.

विद्यार्थिनीला माझा सल्ला असा की प्रकल्प अहवालात डब्याचे चित्र सर्वांत शेवटी टाकावे. आधी सातारा रस्त्यासारखा एक रुंद मार्ग घ्यावा आणि रुळाखाली येणाऱ्या पाण्याच्या, सांडपाण्याच्या आणि विजेच्या वाहिन्या कुठे आहेत हे प्रत्यक्ष खड्डे घेऊन तपासावे. पुण्यातले नकाशे आणि जमीन यांचा मेळ क्वचितच बसतो, आणि ट्रामच्या खर्चातला मोठा हिस्सा या वाहिन्या हलवण्यातच जातो. मग प्रत्येक चौकात ट्रामला हिरवा दिवा मिळण्यासाठी किती सेकंद लागतील आणि ते कोणाच्या वाट्यातून काढायचे हे आकड्यांत मांडावे. आगारासाठी मार्गाच्या टोकाशी जागा शिल्लक आहे का ते पाहावे. आणि या सगळ्याच्या आधी त्याच मार्गिकेत बस सलग वर्षभर अडथळ्याशिवाय, दर दोन-तीन मिनिटांनी चालवून दाखवावी. त्या वर्षात गाड्या भरल्या आणि मार्गिका बसचीच राहिली, तर रुळांचा खर्च मागायला आपल्या हातात प्रवाशांचे खरे आकडे असतील. मार्गिका त्या वर्षातच दुचाकींनी भरून गेली, तर तिथे रूळ टाकण्याची शिफारस मी करणार नाही.